नमुन्याचा आकार आणि प्रश्नाची शब्दरचना
सर्वेक्षणात जितक्या जास्त लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यावी तितके निष्कर्ष भक्कम, असे म्हटले जाते. ते मला अर्धेच पटते. १९३६ साली अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांपैकी २० लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि तरीही रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकतील हे भाकीत साफ फसले. त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीतही बऱ्यापैकी सुस्थितीत असलेल्यांचे. शिवाय उत्तर देण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मते सारखी नव्हती.

नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे तो निवडक गट, नीट निवडला तरी प्रश्न घात करू शकतो. ‘शिक्षकांच्या अध्यापनाबद्दल व वर्तनाबद्दल आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. अध्यापन आवडलेल्या पण वर्तनाने दुखावलेल्या विद्यार्थ्याने खूण कुठे करावी? तो बहुधा मधला पर्याय निवडतो आणि आपण त्याला ‘तटस्थ’ म्हणून मोजतो. ‘आपण नियमित वाचन करता का?’ यातील ‘नियमित’ही असेच फसवे आहे, त्याऐवजी गेल्या सात दिवसांत किती दिवस वाचले, असे विचारावे. प्रश्नावली छापण्यापूर्वी आठ-दहा जणांना ती वाचायला देऊन प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावा. संशोधन-मार्गदर्शकांच्या सहीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, ही पायरी मला आवश्यक वाटते.