पुनः: फ्लूच्या तापात बाबांना आलेला पॅरालिसिस

प्रेषक: एक सभासद, एडिसन

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरचं कुणीच का नव्हतं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. एकेकाला सांगवत नाही, म्हणून इथे लिहितो.

बाबा नोव्हेंबरात पुण्याहून इथे अमेरिकेत आले. वय ७४. जानेवारीत त्यांना फ्लू झाला. चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला चहा पिताना कप डाव्या हातातून निसटला. चहा मांडीवर सांडला, तरी त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. "काही नाही रे, अशक्तपणा आहे," म्हणाले. आम्हालाही तेच वाटलं. आईने क्रोसिन दिली, चार चमचे पेज भरवली आणि झोपवलं. साडेबाराला उठले तेव्हा तोंड वाकडं झालं होतं. मग ९११ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन केला.

मेंदूच्या उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. जांघेतून नळी घालून गुठळी काढली. आता ते रिहॅबमध्ये आहेत. आधाराने चार पावलं टाकतात, डावा हात अजून उचलत नाही.

डॉक्टर म्हणाले, विषाणूचा संसर्ग असलेल्यांना या उपचाराचा गुण तितकासा येत नाही. तेव्हापासून दोन प्रश्न डोकं खातायत. फ्लूमुळेच हे झालं का? आणि अंगात ताप असताना नळी घालायला मी सही करायला नको होती का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया लिहा.

प्रेषक: स्ट्रोक विभागातली एक नर्स

दादा,

दुसऱ्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असणार, म्हणून आधी तोच घेते. सही केलीत ते बरोबर केलंत.

डॉक्टर बोलले ते खोटं नाही, पण त्याची एकच बाजू तुमच्यापर्यंत पोचली. याबद्दल कोविडच्या काळात एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये छापून आला. मार्च २०२० ते जून २०२१ या काळातले, १०५ केंद्रांतले १५,१२८ रुग्ण. सगळ्यांना इंजेक्शन, नळी किंवा दोन्ही उपचार मिळालेले. त्यांतल्या ८५३ जणांना कोविड होता. त्यांच्यात मेंदूतला रक्तस्राव जास्त झाला, आणि तीन महिन्यांत दगावलेलेही जास्त. पण तुलना कुणाची कुणाशी, हे नीट बघा. कोविड असलेल्यांची, कोविड नसलेल्यांशी. उपचार दोघांनाही मिळालेला. उपचार न झालेले त्यात नव्हतेच. त्यामुळे "संसर्ग असताना गुठळी काढू नये" असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय तो कोविड होता, तोही बहुतेकांना लस मिळण्याआधीचा. बाबांच्या फ्लूला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मोठी वाहिनी बंद असताना काहीच करता आलं नाही तर काय होतं, ते मी वॉर्डात बघते. इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटूनही बाबांसाठी काही करता आलं, ते नळीने गुठळी काढण्याच्या उपचारावर २०१५ आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या चाचण्यांमुळे. आता स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला तर काही रुग्णांत २४ तासांपर्यंतही गुठळी काढतात.

आता फ्लूचं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २००४ साली दिसलं, की श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताची शक्यता एरवीच्या साधारण तिप्पट असते, आणि मग काही आठवड्यांत ती हळूहळू उतरते. फ्लूची लस घेतल्यावर अशी वाढ दिसली नाही. संसर्गात शरीरभर दाह असतो, रक्त लवकर गोठतं, पाणी कमी पडतं, कधी हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणजे फ्लूने धक्का दिला असणं अगदी शक्य आहे. पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. बाबांचं बीपी, साखर, मानेच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके, सगळं तपासून झालंय ना, हे विचारा.

तो कप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कित्येकदा डावी बाजू आपली आहे हेच माणसाला कळत नाही. बाबा "काही नाही" म्हणाले ते मनापासून म्हणाले. पाच तास गेले आणि त्याने फरक पडला, हे मी नाकारणार नाही. पण त्या सकाळी तुमच्या जागी मी असते आणि हे काम करत नसते, तर मीही अशक्तपणाच म्हटलं असतं.

म्हणून सगळ्यांसाठी लिहिते: तापाचा अशक्तपणा दोन्ही हातांना येतो. एकाच बाजूला आला, तर ताप कितीही असो, ९११. आणि तोंडात काही घालू नका. पाणी नाही, पेज नाही, काढा नाही, गोळीही नाही. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय आम्हीही देत नाही, कारण घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया, आणि इथे तर छाती आधीच संसर्गाने भरलेली. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक विभागांत ताप, साखर आणि गिळणं एवढ्या तीनच गोष्टी नर्सनी काटेकोर सांभाळल्या, तर तीन महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही मिळून बरंच कमी झालेलं दिसलं. २०११ सालची गोष्ट. आईंना हे बोल लावायला लिहिलेलं नाही, तसं त्यांना सांगा.

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

बाळा, तुझं पत्र वाचून जीव तुटला.

एक गोष्ट इथे कुणी बोलत नाही. आई-वडील आले की त्यांचा विमा तुटपुंजा असतो, आणि ९११ला फोन करताना हात थबकतो. माझ्या मेहुण्यांच्या वेळी आम्ही पाऊण तास पॉलिसीचे कागद चाळत बसलो. तो पाऊण तास मला आजही छळतो. इथल्या १९८६च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासणं आणि त्याची प्रकृती स्थिर करणं मेडिकेअर हा सरकारी विमा घेणाऱ्या रुग्णालयाला बंधनकारक आहे, पैसे असोत वा नसोत. बिल येतं, खोटं सांगत नाही. ते नंतर हप्त्याने फेडता येतं, कमी करून मागता येतं.

दुसरं, दुभाषी मागा. मेहुण्यांना इंग्रजीत महिना विचारला, ते गप्प राहिले. वाचा गेली की भाषा कळली नाही, हे कुणालाच ठरवता येईना. फोनवर मराठी दुभाषी मिळाला तेव्हा "पौष" म्हणाले, बरोबर.

प्रेषक: एक सभासद, एडिसन

ताई, काका,

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. पेजेचं ऐकून रडली, पण नंतर स्वतःच म्हणाली, फ्रिजवर लावायला असं लिहून दे. एक पान तयार केलंय: औषधांची नावं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही, विम्याचा नंबर, आणि सगळ्यात वर "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं" त्या वेळेची जागा. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी आम्हाला तेच पहिलं विचारलं होतं आणि आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.

ताई, एकदा नजर टाकाल का? काही चुकलं असेल तर सुधारून शनिवारी मराठी शाळेत प्रती आणतो.