मदत हवी आहे: अल्टरनेटर फिरतोय, पण व्होल्टेज फक्त ३ (दिंडोरी, नाशिक)

दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेवरचा डिझेल जनरेटर: ५ केव्हीए, सिंगल फेज, स्लिप रिंगवाला (ब्रश आणि कड्यांमधून रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, वीज पोचवणारा), एव्हीआरसह (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट). पावसाळाभर बंद होता. आता वेग मिनिटाला १५०० फेरे मिळतो, पण आउटपुटला ३ व्होल्टच. कार्बन ब्रश बदलले, फरक नाही. वेग वाढवून पाहू की रिवाइंडिंगला (तारांची गुंडाळी नव्याने भरायला) टाकू?

प्रतिसाद १
दोन्ही नको. चार चुंबकीय ध्रुवांच्या मशीनला ५० हर्ट्झसाठी १५०० च लागतात (एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवरच्या जनरेटरला ध्रुव दोन, म्हणून तिथे ३०००). वेग पुरा असूनही २३० च्या जागी ३ येतात, म्हणजे स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) वेटोळ्यांतून फिरणारं चुंबकत्व शेकडा एक-सव्वाच आहे. ते रोटरच्या लोखंडात उरलेलं. एरवी त्यातूनच एव्हीआरला थोडी वीज मिळते, तो रोटरला करंट देतो, चुंबकत्व वाढतं आणि व्होल्टेज चढत जातं. ही साखळी कुठेतरी तुटली आहे.

इंजिन बंद करून फील्डच्या (एव्हीआरकडून ब्रशकडे जाणाऱ्या) दोन्ही वायरींवर एव्हीआरच्या टोकांप्रमाणे प्लस-मायनस खूण करा आणि त्या एव्हीआरपासून सोडवा. ब्रशमधून रोटरचा रेझिस्टन्स मोजा. स्लिप रिंग ते बॉडी कंटिन्युइटी येता कामा नये. मग एमसीबी (आउटपुटचा ब्रेकर) पाडलेला ठेवून इंजिन चालू करा, १२ व्होल्टची बॅटरी खुणेप्रमाणे फील्डला द्या आणि आउटपुट वाचा.

प्रतिसाद २
बॅटरी आणि फील्डच्या मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच घालाच. फील्डची वायर हाताने ओढून काढली की गुंडाळी जोरदार ठिणगी मारते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो.

धागाकर्ता
रोटर २२ ओहम, बॉडीला शॉर्ट नाही. बॅटरीवर ९५ व्होल्ट आले, काढल्यावर ४.

प्रतिसाद १
मग रोटर-स्टेटर दोन्ही शाबूत आहेत, रिवाइंडिंगचा खर्च वाचला. इंजिन बंद करून बॅटरी पूर्ण सोडवा, एव्हीआर खुणेप्रमाणे परत जोडा आणि सुरू करा. आता व्होल्टेज ४ वरून १ च्या खाली गेलं तर एव्हीआर परत जोडताना फील्डच्या वायरी खुणेच्या उलट लागल्या आहेत: एव्हीआरचा करंट उरलेलं चुंबकत्वच पुसतोय. वायरी एव्हीआरपासून सोडवा, बॅटरीने खुणेप्रमाणे पुन्हा चार-पाच सेकंद फील्ड द्या, मग बॅटरी काढून वायरी अदलाबदल करून एव्हीआरला जोडा. ४ वरच अडकलं तर एव्हीआरच्या इनपुटला मीटर लावा. तिथेही ४ असतील तर दोष बहुधा एव्हीआरचा. काहीच नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि ओलीने गंजलेले लग (वायरच्या टोकाचे जोड) बघा.