बुकमार्कांचा ढीग शोधता येईल असा कसा लावायचा? (कृष्णा-कोयना, ऊस, हळद, बेदाणा)

कृष्णाकाठ (सांगली)

कृष्णेचा पूर, कोयना-अलमट्टीचा विसर्ग, ऊस, हळद, बेदाणा, शासन निर्णय या विषयांवरच्या चार-एक हजार लिंक साठल्या आहेत. निम्म्या क्रोमच्या फोल्डरांत आणि उरलेल्या पॉकेट या लिंक साठवायच्या सेवेच्या सीएसव्ही फाइलमध्ये. जुलै २०२५ मध्ये पॉकेट बंद झालं, तेव्हाची ही फाइल. तिच्यात पत्ते, शीर्षकं नि टॅग आहेत, मजकूर नाही.

गावच्या शेतकरी गटात प्रश्न आला की नेमकं पान लगेच काढून देता आलं पाहिजे. मराठीत शोधता यावं, पुरात नेट गेलं तरी उघडावं आणि दरमहा खर्च नसावा. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप रिकामा आहे. फोल्डर करू की टॅग? सुरुवात कुठून करू?

वाईकर

वर्गवारीपासून सुरुवात करू नका, चार हजार लिंकांपुढे कुणीही दमेल. आधी सगळं एका जागी आणा.

क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. बुकमार्क मॅनेजरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत एक्सपोर्ट आहे, त्यातून एचटीएमएल फाइल मिळते. पॉकेटची सीएसव्ही रेनड्रॉप या बुकमार्क साठवायच्या साइटच्या मोफत खात्यात चढवा आणि तिथून एचटीएमएल काढून घ्या. मग लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) लिंकडिंग हा बुकमार्क साठवून शोधायचा प्रोग्रॅम बसवा. ते ९०९० पोर्टवर चालतं, फुकट आहे आणि तुमच्या लॅपटॉपला जड नाही. बसवताना त्याचा डेटा फोल्डर लॅपटॉपवरच्या फोल्डरला जोडायला विसरू नका. तो जोडला नाही तर सगळे बुकमार्क कंटेनरच्या आतच राहतात आणि नव्या आवृत्तीसाठी कंटेनर काढला की त्याच्याबरोबर जातात.

दोन्ही फाइली आत घेण्याआधी पत्ते साफ करा. लिंकडिंग दुबार नोंद पत्त्यावरूनच ओळखतं. एकच लेख एकदा व्हॉट्सॲपवरून आणि एकदा फेसबुकवरून सेव्ह केला असेल, तर पत्त्यामागच्या 'यूटीएम' किंवा 'एफबीक्लिड' या माग काढणाऱ्या शेपटामुळे त्याच्या दोन नोंदी होतात. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सरसकट उडवू नका. बऱ्याच सरकारी साइटींवर पानाचा क्रमांक तिथंच असतो आणि तो गेला की लिंक मुख्य पानावर जाते.

फोल्डर की टॅग, तर टॅग. 'कोयनेचा विसर्ग वाढल्यावर सांगलीत पाणी कधी पोचतं' हे पान धरण, पूर आणि सांगली या तिन्हींत बसतं, फोल्डर मात्र एकच निवडावा लागतो. तीस-चाळीस टॅगांची यादी आधीच कागदावर करा. नाहीतर 'हळद', 'हळदी', 'हळद-लागवड' असे तीन टॅग होतात आणि प्रत्येकात थोडंथोडं सापडतं. लिंकडिंगच्या टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, जोडरेघ वापरा. जुन्या सगळ्या नोंदींना टॅग लावत बसू नका. एखादं पान कामाला आलं की त्याच वेळी त्याला लावा. शोधचौकटीत '!' देऊन 'अनटॅग्ड' हा इंग्रजी शब्द लिहिला की उरलेल्या नोंदी दिसतात.

टॅगपेक्षा मोठं काम नोटचं आहे. लिंकडिंग शीर्षक, वर्णन, नोट, टॅग आणि पत्ता यांत शोधतं, पानाच्या आतल्या मजकुरात नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला एक ओळ लिहा, त्या पानात जे उत्तर आहे ते आकड्यासकट: 'सांगलीचा आयर्विन पूल, इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट'. 'पुराबद्दल चांगला लेख' ही नोट ऐन वेळी कसलाच उपयोग देत नाही.

मिरज जंक्शन

वरचं सगळं बरोबर, पण त्यात फक्त पत्ते जपले जातात. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीत २०१३ सालच्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमच्या विषयात अडचण आणखी मोठी आहे. पाणीपातळीचं पान मरत नाही, रोज त्याच पत्त्यावर नवा आकडा येतो. ऑगस्ट २०१९ ची पातळी पाहायला बुकमार्क उघडाल तर आजची दिसेल.

म्हणून पानाची प्रत ठेवा. सिंगलफाइल हे एक्स्टेंशन चित्रांसकट पूर्ण पान एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवतं, ती नेटशिवाय उघडते. लिंकडिंगच्या 'प्लस' इमेजमध्ये (डॉकरसाठीच्या वेगळ्या आवृत्तीत) हेच काम आपोआप होतं. पातळीच्या पानांसाठी मात्र हाताने करा आणि फाइलच्या नावात आधी तारीख लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फाइली आपसूक कालक्रमाने लागतात.

दुसरी प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) सोडा. तिथल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा अंकी वेळ असते आणि ती जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री दीड वाजता घेतलेल्या प्रतीवर आदल्या दिवसाचे २० वाजलेले दिसतात. पुराच्या नोंदीत एका रात्रीचा फरक फार मोठा असतो, म्हणून नोटमध्ये भारतीय वेळ लिहाच.

शासन निर्णयांची लिंक नको, पीडीएफच उतरवून ठेवा आणि त्यावरचा संकेतांक नोटमध्ये लिहा. साइटची मांडणी बदलली तरी संकेतांकावरून निर्णय पुन्हा शोधता येतो.

अजिंक्यतारा

मराठीत शोधायचं म्हणताय, तिथं खरी मेख आहे. हे शोध अक्षरं जुळवतात, शब्दाची रूपं त्यांना कळत नाहीत. 'ऊस' शोधलंत तर 'उसाचा', 'उसाला' सापडणार नाही, कारण पहिलं अक्षरच बदललं. 'कीड' आणि 'किडीचा' यांचंही तेच. 'पूर' शोधा, म्हणजे कोल्हापूर नि सोलापूर येतील आणि 'पुरात', 'महापुराचा' निसटतील. 'बेदाणा' ऐवजी 'बेदाण' टाका, म्हणजे 'बेदाण्याचा'ही येतो. यावर उपाय असा: नोटच्या शेवटी मूळ शब्द आणि सामान्यरूप दोन्ही टाका, 'ऊस उसा', 'पूर पुरा'. टॅग मात्र मूळ रूपातच ठेवा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. 'ॲसिड'मधला ॲ सुद्धा एकसंध असतो किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. म्हणून अशा शब्दांचा सुरक्षित तुकडाच शोधा, उदाहरणार्थ 'शेतक'. आकड्यांचंही पाहा. मराठी अंकांतलं २०१९ आणि इंग्रजी अंकांतलं तेच साल शोधाच्या लेखी वेगवेगळे आहेत. नोटमध्ये कायम एकच पद्धत ठेवा.

जुन्या पीडीएफ तर बऱ्याचदा युनिकोडमध्ये नसतातच. मजकूर कॉपी करून पाहा. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ आला, तर ती जुन्या फाँटमध्ये आहे आणि कुठल्याच शोधात येणार नाही. ओसीआरमायपीडीएफ वापरा (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर करणारा प्रोग्रॅम), सोबत त्यामागच्या टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी भाषेचा संच बसवा आणि भाषा म्हणून मराठी व इंग्रजी दोन्ही द्या. पानांवर आधीच मजकुराचा थर आहे असं पाहून ते काम थांबवेल, तेव्हा 'फोर्स-ओसीआर' हा पर्याय द्या. स्वतः स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, त्याखाली अनुस्वार आणि रफार गळतात. तक्त्यांतले आकडे मूळ पानाशी ताडून घ्या. खताच्या मात्रेत एक टिंब गेलं तर सल्ला दहापट चुकतो.

कृष्णाकाठ (सांगली)

कळलं. नोटपासून लागतो. पुरात वीज गेल्यावर लॅपटॉपच बंद पडेल, तेव्हा मोबाइलवर काय?

वाईकर

घरच्या वायफायवर मोबाइलमधून लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावर लिंकडिंग उघडतं, पण वीज गेली की तेही गेलं. म्हणून जूनच्या सुरुवातीला पूर, धरण आणि मदतीच्या निर्णयांच्या तेवढ्याच सिंगलफाइल प्रती आणि पीडीएफ मोबाइलच्या मेमरीत टाका. शंभरभर फाइली पुरे. एचटीएमएल फाइल मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते का, हे एकदा नेट बंद करून बघून घ्या.

बॅकअप घेताना चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, लिहिणं अर्धवट असेल तर प्रत बिघडते. लिंकडिंगचा स्वतःचा 'फुल बॅकअप' आदेश आहे, तो झिप फाइल देतो. सिंगलफाइल प्रती आणि पीडीएफचा फोल्डर वेगळा घ्यायचा. बॅकअपचा एक ड्राइव्ह नदीकाठच्या घरात न ठेवता दूर विट्याला किंवा जतला कुणा नातेवाइकांकडे द्या. ती झिप दुसऱ्या कंप्युटरवर उघडून एकदा तरी पूर्ण बुकमार्क परत येतात का पाहा, कारण रिकामी झिपसुद्धा फाइल म्हणून व्यवस्थितच दिसते.