टेनिसमधला सर्वांत थोर पुरुष खेळाडू कोण? माझं मत जोकोविच, हरकती येऊ द्यात

टिळकवाडीकर
सकाळी कोर्टवर खेळ कमी आणि हा वाद जास्त चालतो, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. नोव्हाक जोकोविच. २४ ग्रँड स्लॅम (म्हणजे मेलबर्नची ऑस्ट्रेलियन, पॅरिसची फ्रेंच, विम्बल्डन आणि न्यूयॉर्कची यूएस ओपन ह्या चार मोठ्या स्पर्धा), ४२८ आठवडे जगात पहिला, आठ वेळा वर्षअखेरीस अव्वल. हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे माझा भर त्यावर नाही.

माझा भर आहे तो दुसऱ्याच्या अंगणात जाऊन जिंकण्यावर. फ्रेंच ओपनमध्ये नदाल ११६ सामने खेळला आणि फक्त चार हरला. २००९ मध्ये सॉडरलिंगशी, २०१५ मध्ये जोकोविचशी, २०२१ मध्ये पुन्हा जोकोविचशी आणि २०२४ मध्ये झ्वेरेवशी. चारातले दोन एकट्याचे. विम्बल्डन म्हणजे फेडरर, असं आपण म्हणतो. तिथल्या फायनलला हे दोघं तीनदा समोरासमोर आले, २०१४, २०१५ आणि २०१९. तिन्ही वेळा कप जोकोविचनं नेला. उलट नदाल मेलबर्नला त्याच्याशी दोन फायनल खेळला आणि दोन्ही हरला. एकूण हिशोबही बघा. नदालशी ३१-२९, फेडररशी २७-२३.

एकच अट. "फेडररचा खेळ डोळ्यांना गोड वाटतो" हा मुद्दा इथं चालणार नाही.

शहापूरकर
अट घालूनच वाद जिंकायचा असेल तर मग धागा कशाला काढलास?

१४ जुलै २०१९. एकीकडे लॉर्ड्सवर वर्ल्डकपची फायनल, दुसरीकडे विम्बल्डनची, बाहेर आपला जुलैचा पाऊस आणि घरात रिमोटवरून मारामारी. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ नं पुढे, सर्व्हिस त्याची, ४०-१५. म्हणजे दोन चॅम्पियनशिप पॉइंट. वय ३७, महिन्याभरात ३८ लागणार. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं फोरहँडचा तिरपा पास काढला. तिथं सगळं फिरलं. पण पूर्ण सामन्यातले पॉइंट मोज. फेडरर २१८, जोकोविच २०४. चौदा पॉइंट जास्त घेऊन माणूस हरला. त्या दिवशी चांगला कोण खेळला, ते तूच सांग.

टिळकवाडीकर
पॉइंट मोजून टेनिस ठरत नाही, भावा. त्या सामन्यात टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की निकाल लावणारा छोटा डाव) तीन झाले आणि तिन्ही जोकोविचनं घेतले. नेमक्या कुठल्या पॉइंटला चुकायचं नाही हे ज्याला कळतं, त्यालाच थोर म्हणायचं.

शहापूरकर
आणि सलग २३ ग्रँड स्लॅमच्या सेमीफायनलला पोचणं? सलग २३७ आठवडे पहिला नंबर? तिथं पण फक्त मोक्याचे पॉइंट होते का? ह्या दोन आकड्यांच्या जवळपास तुझा माणूस गेलेला नाही.

वीटभट्टी खानापूर
नदालचं नाव नुसतं हरलेल्या सामन्यांसाठी घेतलंत, बरं वाटलं नाही.

आधी एक सांगतो, आमच्या धंद्यातलं आहे. पॅरिसच्या कोर्टाला सगळे "लाल माती" म्हणतात, पण वरचा थर असतो तो विटांचा चुरा. तोही एक-दोन मिलिमीटर, जास्त नाही. खाली चुनखडीचा पांढरा भुगा दाबून बसवलेला असतो. चुऱ्यावर चेंडू धरला जातो, वेग मरतो आणि उसळी वाढते. नदाल डावखुरा, मनगटाला जबरदस्त पीळ देऊन मारणारा. त्याचा फोरहँड तिथं पडला की समोरच्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर येतो. फेडररसारखा एका हातानं बॅकहँड मारणारा तिथून काय करणार? क्लेवर, म्हणजे ह्या लाल मातीवर, दोघांचा हिशोब १४-२ आहे, तो असाच नाही झाला. २००५ ते २००७ मध्ये क्लेवर सलग ८१ सामने जिंकलाय हा गडी.

आता लोक म्हणणार, २२ पैकी १४ एकाच ठिकाणी. बरं, ते १४ बाजूला ठेवा. उरले किती? आठ. कॉनर्सचे आठ, लेंडलचे आठ, आगासीचे आठ. त्यांची अख्खी कारकीर्द नदालच्या उरलेल्यात बसते की! शिवाय २००८ चं ऑलिम्पिक सुवर्ण हार्ड कोर्टवरचं आहे.

शहापूरकर
क्लेवरचा हिशोब वेगळा काढलासच तर उरलेलाही वाच. क्ले सोडून दोघांचं १४-१० आहे, फेडररच्या बाजूनं.

गटिंगवाला, कॅम्प
रॅकेटचं काम करतो म्हणून मध्ये तोंड घालतो. तुमच्या सगळ्या बोलण्यातून तार सुटलीय.

सॅम्प्रासच्या रॅकेटला आतड्याची तार असायची आणि तीही भयंकर कडक ओढलेली. रॅकेटचं डोकं एवढंसं, ८५ चौरस इंच. त्यानं जोरात मारलं आणि जरा नेम चुकला की चेंडू बाहेर. मग १९९७ मध्ये कुएर्टेन पॉलिएस्टरची तार लावून फ्रेंच ओपन जिंकला आणि हळूहळू सगळ्यांनी ती धरली. ह्या तारेनं पूर्ण ताकदीनं मारलं तरी चेंडू फिरकी घेऊन आत पडतो. मागं उभं राहून पासिंग शॉट मारणं सोपं झालं आणि नेटवर येणाऱ्याचे दिवस भरले. त्यात २००१ मध्ये विम्बल्डननं गवत बदललं. आधी राय जातीच्या गवतात ३० टक्के फेस्क्यू जातीचं गवत मिसळलेलं असायचं, नंतर शंभर टक्के राय. उसळी सरळ आणि उंच यायला लागली. पुढच्याच वर्षी ह्युइट आणि नालबंदियान असे दोन बेसलाइनवाले, म्हणजे मागं उभं राहून खेळणारे, फायनलला!

म्हणून म्हणतो, तिघांनी चारही स्लॅम जिंकले ह्यात कौतुक आहेच, पण चारही मैदानं आता एकमेकांच्या जवळ आलीत. सॅम्प्रासच्या वेळी पॅरिस आणि विम्बल्डन हे दोन वेगळे खेळ होते. १४ स्लॅमचा धनी, पण पॅरिसला सेमीफायनलच्या पुढे कधी गेला नाही.

दुकानात पोरं येतात आणि "नदालसारखं गटिंग करून द्या", म्हणजे तशी तार ओढून द्या, म्हणतात. मनगट दुखायला लागलं की परत येतात.

टिळकवाडीकर
मग बोर्ग? १९७८, ७९, ८०, सलग तीन वर्षं पॅरिस आणि पाठोपाठ विम्बल्डन. लाकडी रॅकेट, सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्यांचं गवत. तुमच्या न्यायानं तर तोच पहिला यायला पाहिजे.

गटिंगवाला, कॅम्प
आलाच तर माझी हरकत नाही.

मलप्रभा
कोडगूच्या रोहन बोपण्णाला कुणी विचारतंय का? ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, २०२४ मध्ये.

वीटभट्टी खानापूर
ती दुहेरी. इथं एकेरीचं चाललंय गा.

पी. टी. सर, चिकोडी
बोर्गचं नाव निघालं म्हणून लिहितो. बोर्ग ऑस्ट्रेलियन ओपनला आयुष्यात एकदाच गेला, १९७४ मध्ये. का? कारण स्लॅम मोजत बसायची पद्धतच नव्हती. डिसेंबर संपता संपता एवढ्या लांब कोण जाणार, असा विचार करून मोठमोठे खेळाडू ती स्पर्धा सोडून द्यायचे. मोजणी जोरात सुरू झाली ती सॅम्प्रास एमर्सनच्या १२ स्लॅमच्या विक्रमाजवळ आला तेव्हा. आता आपण तीच फूटपट्टी घेऊन मागच्यांना मापतोय. ज्या परीक्षेचा पेपरच त्यांना दिला नाही, त्यात त्यांना नापास करायचं.

माझं मत रॉड लेव्हर. नावावर स्लॅम ११ च. पण १९६२ मध्ये चारही जिंकून तो व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमानं व्यावसायिकांना दरवाजे बंद. १९६३ ते १९६७ अशी पाच वर्षं आणि १९६८ ची ऑस्ट्रेलियन, एकूण २१ ग्रँड स्लॅम त्याला खेळताच आल्या नाहीत. वय २४ ते २९. ह्या वयाची वर्षं जोकोविचच्या हिशोबातून काढा आणि मग बोला. १९६८ ला विम्बल्डनचं दार उघडलं, पहिल्याच वर्षी तो जिंकला. १९६९ ला पुन्हा चारही.

त्या वर्षी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत टोनी रोशशी त्याचा सामना झाला. ७-५, २२-२०, ९-११, १-६, ६-३. नव्वद गेम, जानेवारीचा उन्हाळा, टायब्रेक नाही. तिसरा सेट गेला, चौथा १-६ गेला, तरी पाचवा काढला. तो सामना हरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि हो, १९६१ च्या विम्बल्डनला आपल्या रामनाथन कृष्णनना उपांत्य फेरीत अडवणाराही हाच.

टिळकवाडीकर
सर, तुमचा मान राखून बोलतो. १९६२ च्या वेळी रोझवॉल, होड, गोन्झालेस हे सगळे आधीच व्यावसायिक झाले होते. म्हणजे खरे मल्ल आखाड्याबाहेर आणि लेव्हर आत. व्यावसायिकांत गेल्यावर पहिले काही महिने रोझवॉल आणि होडनी त्याला धू धू धुतलाय. मग १९६२ ची किंमत किती धरायची?

आणि तेव्हा चारातल्या तीन स्पर्धा गवतावर व्हायच्या. जोकोविचनं २०१५ च्या विम्बल्डनपासून २०१६ च्या फ्रेंचपर्यंत चारही कप एकाच वेळी हातात धरले, ते तीन वेगवेगळ्या मैदानांवर.

पी. टी. सर, चिकोडी
१९६२ चं मी धरून बसत नाही. बाजूला ठेवा. १९६९ ला मात्र दार सगळ्यांना उघडं होतं. फायनलला हरवलेली नावं बघा. ऑस्ट्रेलियात गिमेनो, पॅरिसला रोझवॉल, विम्बल्डनला न्यूकोम्ब, न्यूयॉर्कला रोश. ह्यातला लिंबूटिंबू कोण ते दाखवा. आणि पॅरिसला समोर रोझवॉल होता, आदल्या वर्षी त्याच फायनलला लेव्हरला हरवलेला, क्लेवरचा पक्का. त्याला तीन सेटमध्ये संपवलं. गवताचा फायदा तिथं कुठं आला?

जांबोटी घाट
अल्काराझ आणि सिनरला अजून पाचदहा वर्षं द्या, मग धागा परत काढा. २०२५ ची पॅरिसची फायनल बघितली नाही का? पाच तास २९ मिनिटं, सिनरचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून अल्काराझ जिंकला.

शहापूरकर
पोरांना खेळू द्या आधी. आत्ताच पुतळे नकोत.

मलप्रभा
हा खटलाही सुप्रीम कोर्टात टाका. आपला सीमाप्रश्नाचा २००४ पासून तिथंच आहे, त्याला सोबत होईल.

टिळकवाडीकर
मलप्रभा 😀

सर, एका वर्षात चारही, ह्याच्या जवळ जोकोविच २०२१ ला पोचला होता. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन खिशात. न्यूयॉर्कच्या फायनलला मेदवेदेवनं अडवलं. एक सामना, सर. २८ पैकी २७ जिंकले. तेवढ्यावरून त्याला लेव्हरच्या खाली बसवायचं?

पी. टी. सर, चिकोडी
तेवढ्यावरूनच. तोच शेवटचा सामना लेव्हर दोनदा जिंकलाय.

टिळकवाडीकर
दोनदा कुठं, सर? एकदाच. १९६२ चा तुम्ही आत्ताच वर सोडून दिलात.