गरम टायरमधली हवा सोडू नका

थंडीत बाइकच्या टायरची हवा कमी होते या चर्चेत एकाने लिहिलंय की लांबून आल्यावर मागच्या टायरमध्ये ३८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दिसलं म्हणून हवा सोडून ३३ केली, ते अजिबात करू नका. कंपनी जो आकडा देते तो थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असताना आणि उन्हातही नसताना मोजलेला. गरम असताना ३३ वर आणलं की सकाळी तोच टायर २८-२९ दाखवणार, आणि कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो.

थंडीमुळे हवा कमी होते हे म्हणणं बरोबरच आहे, साधारण ५-६ अंशाला १ पीएसआय धरा, ३० अंशाला भरलेले ३३ हे १५ अंशाला साडेतीसच्या आसपास येतात. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही, थंडीने दोन्ही टायर जवळपास सारखेच उतरतात. एकच उतरत असेल तर तापमानाला दोष देऊ नका, कुठेतरी लीक आहे, आणि पंक्चर सापडत नसेल तर आधी व्हॉल्व्ह बघा. टोपण काढून तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब. तिथे काही नसेल तर व्हॉल्व्हचा रबरी दांडा बोटाने हळूच वाकवून रिमजवळ पाणी लावा, कारण रबराला बुडाशी बारीक चीर असेल तर सरळ उभा असताना काहीच दिसत नाही, वाकवला की बारीक फेस येतो. असा व्हॉल्व्ह लगेच बदला, त्याच्यावर हायवेला जाऊ नका प्लीज.