सीटीत फुफ्फुसातल्या गाठी गेल्या, तरी दोन्ही फुफ्फुसांना रेडिएशन का?

बार्शीचा मामा:
नमस्कार मंडळी, माझा भाचा 14 वर्षांचा आहे, डाव्या मांडीच्या हाडात इविंग सार्कोमा (हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला आणि तेव्हाच दोन्ही फुफ्फुसांत मिळून 5 बारक्या गाठी होत्या. केमो घेतली, मांडीचं ऑपरेशन झालं, आता छातीच्या सीटीत एकही गाठ दिसत नाही म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं, तर डॉक्टर म्हणतात पूर्ण फुफ्फुसांना शेक द्यायचा, 10 सिटिंग. ताई रडतेय, म्हणते गाठी गेल्यात तर पोराची फुफ्फुसं कशाला जाळायची. त्यात ओळखीतले एक जण सांगतात की हाडाच्या कॅन्सरवर रेडिएशन चालतच नाही. कुणाच्या घरात हे झालंय का, प्लीज खरं काय ते सांगा.

सावलीतली आई:
मामा, माझ्या मुलीला हेच झालं होतं, तेव्हा ती 12 वर्षांची होती. मीही हाच प्रश्न विचारलेला. आमच्या मॅडमनी सांगितलं की सीटीत दिसायला गाठ काही मिलिमीटरची तरी व्हावी लागते, त्याहून बारीक पेशी असल्या तर त्या दिसतच नाहीत, आणि हा शेक त्यांच्यासाठीच. रेडिएशनच्या वेळी काहीच दुखत नाही, मशीनखाली दोन-चार मिनिटं आणि सगळी तयारी धरून वीसेक मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात मात्र गिळताना घशाखाली टोचायला लागलं, तिखट पूर्ण बंद, मऊ खिचडी आणि दूधभातावर दिवस काढले. खरा त्रास नंतर झाला. संपून दोन महिने झाले आणि कोरडा खोकला सुरू, जिना चढताना धाप. गावातल्या डॉक्टरांनी आठ दिवस नुसतं खोकल्याचं औषध दिलं, मलाही सुचलं नाही की याचा रेडिएशनशी संबंध असेल. ती फुफ्फुसाची सूज होती, न्यूमोनायटिस म्हणतात, मग स्टेरॉइडने उतरली. तेव्हा पुढचे सहा महिने खोकला, धाप, ताप काहीही आलं तरी थेट रेडिएशनवाल्या डॉक्टरांना फोन करा, एवढं माझं ऐका.

लिनॅकवाला:
मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, रोज हेच काम. "जाळणं" हा शब्द ताईंच्या मनातून आधी काढा दादा. इविंगमध्ये मांडीच्या गाठीला रेडिएशनच द्यायचं ठरलं तर 55 ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आसपास देतात, पूर्ण फुफ्फुसांना साधारण 15, तेही रोज दीड-दीड ग्रे, कारण फुफ्फुस नाजूक, जास्त सोसत नाही. हृदयही त्याच भागात येतं आणि केमोतल्या डॉक्सोरुबिसिनचा भार त्याच्यावर आधीच असतो, म्हणून हृदयाचा टूडी एको आणि फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद बघायची पीएफटी झाली आहे का ते विचारून घ्या. छातीवर मार्किंग करतील ते पुसू देऊ नका, पुसलं तर पुन्हा सगळं जुळवायला वेळ जातो. आणि पोराजवळ बसायला, त्याला कुशीत घ्यायला कुणी घाबरू नका, या मशीनच्या रेडिएशनचं अंगात काही उरत नाही (पेट स्कॅनचं वेगळं, त्यात औषध टोचतात म्हणून काही तास लांब राहायला सांगतात).

नाशिककर:
ते ओळखीचे अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत, पण ते ऑस्टिओसार्कोमाबद्दल असणार, तो हाडाचा वेगळा कॅन्सर. माझ्या धाकट्या भावाला तो होता. त्या कॅन्सरवर रेडिएशनचा असर कमी, म्हणून फुफ्फुसातल्या गाठी शक्य तिथे ऑपरेशननेच काढतात. आधी उजवी बाजू, काही आठवड्यांनी डावी, आणि सर्जननी हाताने चाचपून सीटीत न दिसलेली एक गाठ काढली. पुढे एक परत आली तेव्हा तो तिसरं ऑपरेशन सोसणार नव्हता, म्हणून त्या एकाच गाठीवर नेमकं मोठ्या डोसचं रेडिएशन दिलं, एसबीआरटी. इविंगच्या पेशी मात्र रेडिएशनला चांगल्या दबतात. "हाडाचा कॅन्सर" एवढ्यावर कुणाचंच ऐकू नका, बायोप्सीच्या रिपोर्टवर काय नाव आहे ते वाचा. महात्मा फुले योजनेत बसतं का तेही हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा, आधी मंजुरी लागते.

बार्शीचा मामा:
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं ताईला रात्री वाचून दाखवली, सावलीतल्या ताईंचं तिने दोनदा वाचायला लावलं. आज डॉक्टरांना विचारलं, 15 ग्रेच आहे, एको झालाय, पीएफटी उद्या. सोमवारी मार्किंग. पोरगं विचारतंय आंघोळ करू का?

लिनॅकवाला:
करू दे की. कोमट पाणी अंगावर घ्यायचं, खुणांवर साबण नाही, चोळायचं नाही, टॉवेल नुसता टिपायचा. आणि सैल सुती शर्ट घाल म्हणावं, पुढून बटणांचा.