शब्दवहीचा चौथा रकाना: प्रेसवाला थांबलाय, लवकर कळवा

वहिनी, शारजा

मंडळाच्या मेल-लिस्टवरच्या सगळ्यांना नमस्कार.

बेळगावच्या खडे बाजारातल्या प्रेसमधून आज परत फोन आला. मराठी शाळांतल्या पोरांनी वाचताना अडलेले शब्द लिहायची आपली शब्दवही, तिचं प्रूफ तिथं टेबलावर पडून आहे. दसऱ्याच्या सुट्टीआधी वह्या शाळांत पोचायच्या असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत होकार द्यावा लागेल. छपाईच्या प्लेटा काढल्या की बदल नाही. पानं ६४ च राहणार, कारण छपाई सोळाच्या पटीत होते. तेव्हा "अजून चार पानं घाला" असं कुणी सुचवू नये. अनगोळकर, हे खास तुमच्यासाठी.

तीन रकाने ठरलेत: शब्द, अर्थ, वाक्य. चौथ्याला मथळा काय द्यायचा एवढंच सांगा. मागच्या खेपेला कन्नड की इंग्रजी यावरून जे झालं ते परत नको. कृपया एका ओळीत उत्तर द्या.

तात्या, टिळकवाडी

एका ओळीत: चौथा रकाना नकोच.

कारण सांगतो. सहावीच्या पोराचं अक्षर केवढं असतं ते शारजात बसून दिसत नाही. तीन रकान्यांतच वाक्य मावत नाही, चार केले तर प्रत्येक वाक्य तीन ओळींत मोडणार. आणि दुसरं म्हणजे, शब्दवही आपण पोरांसाठी मराठी पुस्तकं पाठवतो त्या पुस्तकपेटीबरोबर जाणार, म्हणजे ती पेटीचाच भाग झाली. पेटीचं काम माझ्याकडं आहे हे गणपतीच्या बैठकीत ठरलंय. मग प्रूफ आधी माझ्याकडं यायला नको होतं का? प्रेस माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर आहे.

अनगोळकर, बर्मिंगहॅम

वहिनी, चार पानांचं मी म्हणणारच नव्हतो.

चौथ्या रकान्यात उजळणीच्या तारखा घ्या. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिलंय की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच भराभर विसरतं, आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून शब्द एकदम दहा वेळा लिहून काढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्यानं पुन्हा आठवून बघायचा. अर्थावर हात ठेवायचा, आठवला तर चौकटीत खूण करायची. खरं तर हे सगळं मोबाईलवर फुकट होतं, ॲप स्वतःच आठवण करून देतं. वहीचा खर्चच वाचेल.

मास्तर, खानापूर

अनगोळकर, जांबोटी-कणकुंबीकडच्या पोराचा मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि बाप मडगावला असतो.

राहिला तुमचा जर्मन माणूस. त्यानं पाठ केली ती अर्थ नसलेली अक्षरं, मुद्दाम निवडून. गोष्टीतला शब्द तसा नसतो, त्याच्या मागंपुढं माणसं असतात. तरी अर्थावर हात ठेवून आठवायचं हे मला पटलं. आम्ही पाढे तसेच घेत होतो.

पण मंडळी, चौथ्या रकान्यावर भांडताय आणि दुसऱ्या-तिसऱ्याकडं कुणी बघत नाही. गेल्या वर्षीच्या वह्या माझ्याकडं पडून आहेत. एकीत सलग दोन ओळी अशा आहेत: निर्धार म्हणजे निश्चय. निश्चय म्हणजे निर्धार. आणि वाक्यांचं म्हणाल तर एका मुलीनं सगळ्यांना एकच साचा लावलाय. "मला निर्धार आवडतो." "मला उपवन आवडते." पुढं "मला दुष्काळ आवडतो." बाईंनी तिन्हीवर लाल शाईनं बरोबरची खूण केलीय! पोरगी हुशार आहे, तिला कळलंय की रकाना भरला की काम संपलं.

माझं म्हणणं असं, की तिसऱ्या रकान्यात वाक्य पोरानं बनवायचं नाही, पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवायचं. शब्द ज्या वाक्यात अडला तेच. चौथ्यात पान क्रमांक. मग दुष्काळ कुणाला आवडणार नाही, आणि पोरानं पुस्तक उघडलं होतं की शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं, तेही कळेल. स्वतःचं वाक्य पुढच्या आठवड्यात, तोंडी.

अक्का, निपाणी

मास्तरांशी सहमत, पण पान क्रमांकाला अख्खा रकाना कशाला? वाक्याखाली कंसात लिहिता येतो. चौथा रकाना कन्नड अर्थाला द्या.

वहिनी, रागावू नका, कारण ऐकून घ्या. मी आठवीला शिकवते. आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या मराठी शाळेतली निम्मी पोरं बाजारात, बसमध्ये, शेजारी कन्नडच ऐकतात. २०१५ च्या कायद्यानंतर कन्नड शाळेत सक्तीची झालीच आहे. एखाद्या पोराला एखादी गोष्ट कन्नडात पक्की माहीत असेल तर तिथून मराठी शब्दावर यायला काय हरकत? दहावीला मराठी पहिली भाषा म्हणून १२५ गुणांची आहे, बाकीचे विषय शंभराचे. नुकसान कुठं होतंय ते बघा.

आणि नुकसान कठीण शब्दांत होत नाही. आमचं पोर 'प्रकाशसंश्लेषण' बिनचूक लिहितं, कारण तो शब्द विज्ञानाचे सर फळ्यावर लिहून, आकृती काढून समजावतात. गाडी अडते ती 'वगळता', 'अनुक्रमे', 'तथापि', 'परिणामी' असल्या शब्दांवर. हे कुठल्याच विषयाचे सर शिकवत नाहीत, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं शिकवले असतील. मागच्या चाचणीत प्रश्न होता, "खालीलपैकी एक वगळता सर्व नद्या पश्चिमवाहिनी आहेत, ती कोणती?" निम्म्या वर्गानं पश्चिमवाहिनी नद्यांची नावं लिहिली. भूगोल येत होता, 'वगळता' येत नव्हता.

अमेरिकेतल्या इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर केलेत: रोजच्या बोलण्यातले, वेगवेगळ्या विषयांच्या पुस्तकांतून पुन्हापुन्हा भेटणारे, आणि एकेका विषयाचे खास. त्यांचं म्हणणं, शिकवण्याचा जोर मधल्या थरावर हवा. हे मी आधी वाचलं असतं तरी पटलं नसतं, वर्गात बघितल्यावर पटलं.

तात्या, टिळकवाडी

कन्नड अर्थाबद्दल.

माझा कन्नडाला विरोध नाही. चाळीस वर्षं दुकान चालवलं, अर्धं गिऱ्हाईक कन्नड बोलणारं. पण शाळेत कन्नड आहे, फलकांवर आहे, बसवर आहे, कचेरीत तर आहेच. मराठी वाचायला म्हणून जी एक वही आपण वर्गणी काढून देतोय, तिच्यातही रकाना द्यायचा? पेटी सुरू केली तेव्हा हेतू काय होता ते जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्या बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय उभं आहे, त्या गावच्या आसपासच्या पोरांना मराठी पुस्तक हातात मिळत नाही, म्हणून पेटी निघाली.

अक्का, निपाणी

तात्या, रकाना दिला म्हणजे गाव दिलं असं होत नाही हो.

मावशी, मस्कत

मास्तर, तुमचं मडगावचं वाचून हसूही आलं आणि भाऊही आठवला. आमच्या बेळगुंदीकडच्या घरी हेच चालतं.

मला रकान्यांतलं फार कळत नाही, पण गेल्या मे महिन्यात गावी होते तेव्हा भाच्याला शब्दवही भरताना बघितलं. पहिल्या पानावर तुम्ही छापलंय, "रोज १० नवे शब्द". पोरगा पेटीतलं पुस्तक उघडायचा, पहिल्याच परिच्छेदातून दहा शब्द वेचायचा. त्यातले 'पाऊस' आणि 'बैल' त्याला येत नव्हते म्हणता? दहा झाले की पुस्तक मिटलं, बॅट घेतली, पळाला. पुढं गोष्टीत काय झालं विचारलं तर म्हणतो, "गोष्ट वाचायला कुठं सांगितलीय, शब्द काढायला सांगितलेत." माझी गावची वहिनी, म्हणजे त्याची आई, ती पण खूश, वही भरलेली दिसते ना.

कुणी दिवाळीच्या आधी इकडं येणार असेल तर कळवा, बेळगावचा कुंदा, आपली खव्याची मिठाई, मागवायचाय. मागच्या वेळी आणलेला विमानतळावरच उघडून संपवला होता, कुणी ते मी सांगत नाही.

अनगोळकर, बर्मिंगहॅम

कुंदा मी नाही.

मावशींचा मुद्दा मोठा आहे. दहाचा आकडा काढा. वाचनावर संशोधन करणाऱ्यांचा ढोबळ निष्कर्ष असा, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजून वाचायची तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अडला तर चालतं. पोराला एका परिच्छेदात खरोखरच दहा शब्द अडत असतील तर ते पुस्तक त्याच्यासाठी अजून नाही, वही कितीही चांगली छापा.

इकडं मुलीच्या शाळेत एक सोपी युक्ती शिकवतात. पुस्तकाचं मधलं कुठलंही पान काढायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं दुमडली तर पुस्तक परत ठेवायचं, दुसरं घ्यायचं. हे कव्हरच्या आत छापता येईल, पान वाढत नाही.

मास्तर, खानापूर

बोटांची युक्ती उत्तम. पण परत ठेवून दुसरं कुठलं घ्यायचं? हे तात्यांना विचारायला हवं.

नंदगडच्या पेटीत मी स्वतः बघितलंय: तीन जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, आरोग्यावरची दोन, एक दिवाळी अंक आणि कुणाच्या तरी षष्ट्यब्दीचा गौरवग्रंथ. सातवीचं पोर पहिल्या पानावर दोन्ही हातांची बोटं संपवील. लोक घरातली रद्दी काढतात आणि पेटीत टाकतात. मुलांचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. शाळेत संगणक असेल तिथं बाईंनी पडद्यावर एक गोष्ट लावून वाचून घेतली तरी पुष्कळ. चालू अंकाची वर्गणी मंडळानं भरावी, पेटीत दर महिन्याला एक ताजी गोष्ट जाईल.

आपल्याकडं उचगाव, कडोली, येळ्ळूरला संमेलनं होतात, ग्रंथदिंडीत पोरं लेझीम खेळून घामाघूम होतात, आणि पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांना न्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पन्नास-साठ रुपयांची पातळ पुस्तकं तिथंच मिळतात.

तात्या, टिळकवाडी

गौरवग्रंथ मी टाकलेला नाही. तो कुणी टाकला ते मला माहीत आहे, आणि तेही ही लिस्ट वाचतात.

पेटीत लोक देतात ते जातं. पैसे देऊन पुस्तकं घ्यायची तर तसा ठराव करा, मी यादी काढतो. सहावी ते आठवीची वेगळी पेटी करायची तर पत्र्याच्या नव्या पेट्या लागतील, जुन्या गंजल्यात. पातळ पुस्तकं आधी हरवतात हेही लक्षात घ्या. जाड कादंबरी कुणी चोरत नाही.

अक्का, निपाणी

चोरू देत की. चोरलेलं पुस्तक कुणीतरी वाचतंच.

वहिनी, शारजा

पुरे.

प्रेसला कळवलं ते असं. रकाने चार: शब्द, पुस्तकातलं वाक्य, अर्थ, पुस्तक आणि पान. वही आडवी छापतोय, म्हणजे वाक्याला दुप्पट जागा मिळते. तात्या, अक्षराचा मुद्दा यात सुटला. "रोज १० नवे शब्द" काढलं, त्याऐवजी "गोष्ट पूर्ण वाचून झाल्यावर, अडलेल्यांपैकी तीन-चारच". डाव्या समासात प्रत्येक ओळीला तीन छोट्या चौकटी, अनगोळकरांच्या उजळणीसाठी. त्यावर मथळा नाही, बाई समजावतील. कव्हरच्या आत बोटांची युक्ती. मागच्या कव्हरच्या आत अक्का त्यांचे 'वगळता'वाले शब्द उद्या दुपारपर्यंत पाठवणार, जास्तीत जास्त वीस, प्रत्येकासोबत एक वाक्य.

कन्नडचा मथळा कुठंच नाही. अर्थाच्या रकान्याखाली बारीक अक्षरात "तुला समजेल तसा लिही, चित्र काढलंस तरी चालेल" एवढंच छापतोय. पोरगं कन्नडात लिहील, कोकणीत लिहील, बैल काढील, त्याचा प्रश्न. यावर आता मेल करू नका, प्लेटा निघाल्यात.

'किशोर'ची वर्गणी आणि नव्या पेट्या हा वेगळा विषय, वेगळ्या मेलवर.

मावशी, मस्कत

छान झालं वहिनी. कुंद्याचं राहिलंच.

तात्या, टिळकवाडी

गठ्ठे प्रेसमधून मी उचलतो. खानापूरचे मास्तरांनी स्टँडवरून घ्यावेत, जांबोटीचे कंडक्टरकडं देतो, ओळखीचा आहे. निपाणीचे अक्कांनी कुणालातरी पाठवून न्यावेत, कुरियरचा खर्च मंडळाला परवडणारा नाही.

पावती पेटीच्या खात्यावर फाडायची की मंडळाच्या? पेटीच्या खात्यावर असेल तर कव्हरवर पेटीचं नाव यायला हवं. प्लेटा निघाल्या असल्या तरी कव्हर अजून निघालेलं नाही, मी प्रेसमध्ये जाऊन विचारून आलोय.